एकनाथरावांनी लावलेले दिवे

हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या एकनाथरावांनी आपल्या पिकअप गाडीचे पुढचे दिवे बदलायचं ठरवलं, त्याला कारण झाला बिदरच्या बसचा ड्रायव्हर महबूबमियाँ. एरवी एकनाथराव दिव्याबिव्यांच्या भानगडीत पडणारे गृहस्थ नव्हते. पण तारामतीबाई भाच्याच्या मुंजीला म्हणून बिदरला माहेरी गेल्या, मुंज झाली, बटूचं डोकं पुन्हा केसांनी भरलं, तरी बाईंचा परतायचा पत्ता नव्हता. निरोप काय ते महबूबमियाँच्या तोंडून यायचे. त्या दिवशी स्टेशनसमोर इराण्याकडे बशीत चहा ओतता ओतता तो म्हणाला,

“राव साब, भाभी पूछ रै थे, गाडी लेको कौनसे बत्त्यां लगाए?”

एकनाथरावांचा कप ओठाशीच थांबला.

“अच्छा? और क्या बोले?”

“बस, इत्ताच.”

“गुस्से में थे क्या?”

“आवाज तो ऊंचा था साब. मगर मेरा इंजन चालू था. उनो बी क्या करते?”

(कोणीही मराठी माणूस हे वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हणून बघेल आणि कपाळाला हात लावेल. एकनाथरावांनी म्हणून बघितलं नाही. उभी हयात उर्दू दफ्तरात गेली. कानात जे ज्या भाषेत शिरेल ते त्याच भाषेत मुक्कामाला राहायचं.)

निजामाच्या दफ्तरात त्यांच्या अक्षराचं मोठं नाव होतं. मग पोलीस ॲक्शन झाली, दिल्लीचे साहेब आले, फायली इंग्रजीत चालायला लागल्या. एकनाथरावांची खुर्ची आधी खिडकीपासून दरवाज्याकडे सरकली, मग दरवाज्याबाहेर गेली आणि एके दिवशी एकनाथरावच तिच्या मागोमाग बाहेर पडले. घरी बसून काय करायचं, म्हणून लष्कराच्या लिलावातून त्यांनी ही पिकअप उचलली. स्टेशनवरून बाजारात माल पोचवायचा, असा बेत होता. आजवर त्यांनी पोचवलेला माल म्हणजे एक हार्मोनियम, एका लग्नाची कनात आणि मलकपेठच्या रेसच्या घोड्यांचं गवत. गवत पोचलं तेव्हा घोडे जेवून झोपले होते.

तारामतीबाईंना गाडी पहिल्या दिवसापासून आवडली नाही. “माझ्याशी बोलायला तुम्हाला सवड नाही आणि हिच्याशी तासतास बोलता,” असं म्हणून, मुंजीचं निमित्त करून त्या माहेरी गेल्या होत्या. त्यात खोटं काही नव्हतं. दफ्तर सुटल्याची लाज वाटत असताना बायकोशी काय बोलावं, ते एकनाथरावांना सुचत नव्हतं. गाडीला त्या दफ्तराची काही माहिती नव्हती, त्यामुळे तिच्याशी बोलणं सोपं जायचं.

आता मात्र घर खायला उठलं होतं. सकाळी ते सवयीनं दोन कप चहा करायचे आणि दोन्ही स्वतःच प्यायचे. संध्याकाळी गाडी दारात लावली की उगाच हॉर्न वाजवायचे. निदान समोरच्या कुसुमताई खिडकीत येऊन “काय झालं भाऊजी?” असं विचारायच्या. “काही नाही, हॉर्न बघत होतो,” असं सांगून एकनाथराव घरात जायचे. दिवसातलं त्यांचं माणसाशी बोलणं बहुतेक तेवढंच. फार एकटं वाटायचं त्यांना.

अशा माणसाला बायकोनं दिव्यांची चौकशी केली! गाडीचे दिवे होते तेही असे की एक रस्त्याच्या कडेला बघायचा, दुसरा झाडाच्या शेंड्याला, आणि उजेड दोघांचाही बेताचा. अंधारात गाडी काढायची सोय नव्हती. एकनाथरावांनी हिशेब जुळवला: तिला वाटतंय, मी तिला आणायला निघेन, वाटेत अंधार पडेल, मला दिसणार नाही. म्हणजे तिला काळजी आहे. म्हणजे तिला यायचंय! एवढ्या वर्षांच्या संसारात तारामतीनं मनातलं कधी सरळ सांगितलं होतं, म्हणून आता सांगेल?

ते तडक ट्रूप बाजारातल्या एका दिव्यांच्या दुकानात गेले.

“बल्ब होना. सबसे अच्छे.”

“कित्ते वोल्ट के, साब?” दुकानदारानं विचारलं.

आपलं अज्ञान दिसू नये म्हणून एकनाथराव म्हणाले, “भरपूर.”

दुकानदारानं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. गाडी लष्कराची आहे एवढं कळल्यावर त्यानं दोन डबे काढले. “सफेद दूं, पीले दूं?”

“बेगम को लाने जाना है.”

“फिर तो पीले लेव साब. पीले में उमर नै दिखती.”

एकनाथराव क्षणभर पिवळ्याकडे झुकले. पण तारामतीला आपला चेहरा स्वच्छ दिसावा, असं त्यांना वाटलं. त्यांनी पांढरे मागितले, आणि त्यातही सगळ्यात मोठे. दुकानदार प्रामाणिक निघाला.

“मगर एक बात है साब. ये बैटरी बहुत खाते.”

“खाने दो,” एकनाथराव म्हणाले. “घर में और खानेवाला है कौन?”

दिवे बसवून संध्याकाळी त्यांनी बटण दाबलं, तेव्हा अख्खी गल्ली उजळली. पलीकडच्या तालमीतल्या कोंबड्यानं बांग दिली. कुसुमताई हातात पळी घेऊनच बाहेर आल्या.

“अहो भाऊजी, हे काय?”

“दिवे लावले, कुसुमताई. हिनं बिदरहून विचारलं होतं.”

“काय विचारलं होतं वहिनींनी?”

एकनाथरावांनी महबूबमियाँचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. (एकनाथरावांना वाटलं, वहिनींच्या आठवणीनं गहिवरल्या.)

“जा, भाऊजी,” शेवटी त्या म्हणाल्या. “आणि हे दिवे त्यांना दाखवाच.”

दुसऱ्या दिवशी एकनाथराव निघाले आणि उन्हं उतरायच्या आत बिदरला पोचलेसुद्धा. पण उजेडात जाऊन उपयोग काय? गावाबाहेर चिंचेखाली गाडी उभी करून ते अंधाराची वाट बघत बसले. काय बोलायचं ते घोकत होते. ‘चल घरी’ म्हणावं, तर हुकूम वाटेल. ‘येतेस का’ म्हणावं, तर ‘नाही’ म्हणेल. ‘तुझ्यावाचून करमत नाही’ हे त्यांनी गाडीला एकदा म्हणून दाखवलं आणि आजूबाजूला कोणी ऐकलं नाही ना, ते बघितलं.

दिवेलागणीला गाडी मेहुणे भगवंतराव यांच्या दारात जाऊन उभी राहिली. एकनाथरावांनी इंजिन बंद केलं आणि बटण दाबलं. त्यांचं घर दिवसासारखं दिसायला लागलं. आतून माणसं धावत आली. सगळ्यात पुढे तारामतीबाई होत्या, डोळ्यांवर हात धरून.

“कोण आहे? काही दिसत नाही मेलं!”

“मी आहे,” उजेडाच्या पाठीमागून एकनाथराव म्हणाले. “तू विचारलं होतंस ना, कोणते दिवे लावले? बघ!”

मग भगवंतराव जे हसायला लागले ते खांब धरून खालीच बसले.

“दाजी, अहो, अक्का म्हणाली होती, नोकरी गेली तर गेली, पण ही गाडी घेऊन यांनी काय दिवे लावले, ते विचारा जरा!”

एकनाथरावांनी ते वाक्य आता कुठे मराठीत ऐकलं. बटण बंद करावं, हे काही त्यांना सुचलं नाही. ते तसेच स्टिअरिंग धरून बसून राहिले. इकडे दिवे पांढऱ्याचे पिवळे झाले, पिवळ्याचे तांबडे झाले आणि हसण्याचा भर ओसरेपर्यंत बॅटरी संपून विझले.

अंधारात तारामतीबाई कंदील घेऊन गाडीपाशी आल्या. कंदील वर धरला तेव्हा त्यांना नवऱ्याचा चेहरा पहिल्यांदा नीट दिसला. गाल बसले होते. सदऱ्याचं वरचं बटण खालच्या काजात गेलं होतं.

“जेवता की नाही?” त्यांनी हळू विचारलं.

“जेवतो.” मग घोकलेलं सगळं विसरून ते म्हणाले, “पण रोज दोन कप चहा करतो मी.”

तारामतीबाईंनी त्यांच्या सदऱ्याचं बटण काढून नीट लावलं.

“उद्या येते घरी,” त्या म्हणाल्या. “ट्रंक परवापासून बांधलेली आहे. महबूबमियाँच्या बसमध्ये जागाही धरून ठेवलीय.”

म्हणजे एकनाथराव आले नसते, तरी त्या येणारच होत्या. सकाळी गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी गाडी ढकलून पाहिली, एकनाथरावांनी हँडल मारून खांदा दुखवून घेतला, पण गाडी हूं की चूं करीना. बॅटरी भरायला द्यावी लागली. भरणारा म्हणाला, “दो-तीन रोज लगते.” बस मात्र वेळेवर सुटली. तारामतीबाई नवऱ्याला सासुरवाडीत ठेवून त्याच्या घरी गेल्या.

आता एकनाथराव बिदरला एकटे पडले. मेहुण्याच्या घरचं माणूस न माणूस त्यांना “दाजी, जरा दिवा लावा की” असं सांगत होतं. संध्याकाळी ते बस स्टँडवर जाऊन उभे राहायचे. तिसऱ्या संध्याकाळी महबूबमियाँ खाली उतरला, तो गंभीर चेहऱ्यानंच.

“राव साब, जल्दी जाव. भाभी आंखां में तेल डालको बैठे हैं.”

डोळ्यांत तेल? काय झालं असेल तिच्या डोळ्यांना? आणि लगेच एकनाथरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: आपले दिवे! तोंडावर मारले होते, भर डोळ्यांत!

त्यांनी भरली तेवढी बॅटरी चढवली, वैद्याकडून गुलाबपाणी आणि डोळ्यांत घालायचं औषध घेतलं आणि पहाटेच गाडी सोडली. दुपारी काचीगुड्याला पोचले तेव्हा तारामतीबाई दारातच उभ्या होत्या. शेजारी कुसुमताई होत्या. चुलीवर चहा उकळत होता.

“आधी बस,” एकनाथराव धापा टाकत म्हणाले. “मान वर कर. उजव्यात जास्त जळजळतंय की डाव्यात?”

तारामतीबाईंनी एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

“काय निरोप दिला त्यांनी?”

एकनाथरावांनी सांगितला. कुसुमताईंचा पदर पुन्हा तोंडाला गेला.

“अहो, डोळ्यांत तेल घालून वाट बघतेय, असं म्हटलं होतं मी!” तारामतीबाई म्हणाल्या. डोळे पुसत त्या हसत होत्या, की आणखी काही, ते एकनाथरावांना कळलं नाही. “नको रे बाबा. आता मी कुठे म्हणून जायची नाही. तुमच्याशी निरोपानं बोलणं झेपायचं नाही मला.”

एकनाथरावांना एवढा आनंद झाला की दोन कप चहा समोर आला, तेव्हा सवयीनं दोन्ही तेच पिऊन बसले.