तीनवर धरून ठेवलेला सुरुंग

विहिरीच्या तळाशी वात पेटवून लिंबाजी भराभरा शिडी चढून वर आला आणि "सुरुंग हाय, पळा!" असं ओरडत बांधाआड आडवा झाला. तिथंच बसलेले विहिरीचे मालक कल्याणराव मात्र घसा साफ करत होते. परभणीला मेव्हण्याच्या टीव्हीवर त्यांनी नुकतंच रॉकेट उडताना पाहिलं होतं. तेव्हापासून उलटे आकडे मोजल्याशिवाय जगात काहीच उडू नये, असं त्यांचं ठाम मत झालं होतं.

"काउंटडाऊन म्हणतेत त्याला," त्यांनी शेजारी दबून बसलेल्या बायकोला, उमादेवींना सांगितलं. "शून्य म्हणलं की धडाम!"

"मालक, वातीला आकडे कळत न्हाईत," लिंबाजी म्हणाला.

"आमाला कळतेत की! दहा! नऊ! आठ!"

उमादेवींनी त्यांचा दंड धरला. "अवो, चंद्री!"

चंद्री म्हणजे घरातली एकुलती दुभती म्हैस. लेकरांचं दूध, सणाचं तूप, सगळं तिच्या जिवावर. ती खुंटा उपटून विहिरीच्या काठावरच्या हौदाकडे निघाली होती. लिंबाजीनं हाळ्या दिल्या, ढेकळं मारली. म्हैस ढिम्म!

जिभेवर आलेले सात, सहा, पाच, चार कल्याणरावांच्या तोंडून निसटलेच. "तीन" म्हणाले आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

"दोन म्हणू नका!" उमादेवी किंचाळल्या.

"म्या कुठं म्हणायलोय? तीन... तीन... तीन..."

सुरुंग उडवण्यात लिंबाजीचा जन्म गेला होता. पण जिवाची घालमेल झाली की शहाणपण गहाण पडतं. तोही हात जोडून म्हणाला, "मालक, तीनवरच ऱ्हावा! पाया पडतो!"

चंद्री सावकाश पाणी प्याली. शेपटीनं माशा हाकलल्या. मग मनात आलं तेव्हा डुलत बांधाआड आली. उमादेवी तिच्या गळ्यात पडून रडू लागल्या.

"आता म्हणा," लिंबाजी कुजबुजला.

"दोन! एक! शून्य!"

काहीच झालं नाही. सगळे कान टवकारून बसले.

"वात दमट असंल. कुनी हलू नका," लिंबाजीनं दरडावलं.

कल्याणरावांची छाती मात्र फुगली. "दमट कशाची? आमी तीनवर धरून ठिवली तिला! आता आमच्या हुकमाबिगर उडत न्हाई. बघूनच येतो."

ते निघालेले पाहून उमादेवी पुढं सरसावल्या. एका हातात म्हशीचं दावं होतं, दुसऱ्या हातानं त्यांनी नवऱ्याचं धोतर पकडलं. "आदी दहापासून मोजा. मंग खुशाल जावा!"

"बरं! दहा—"

धडाम!

माती, मुरूम, दगड यांचा पाऊस पडला. धुरळा बसला तेव्हा कल्याणराव कुठंच दिसेनात. उमादेवींच्या हातातलं धोतर थेट चंद्रीच्या पोटाखाली गेलं होतं आणि तिथून बारीक आवाज येत होता.

"नऊ... आठ..."

"अवो, उडला की सुरुंग! निघा भाईर!"

"शून्य आल्याबिगर," पोटाखालून उत्तर आलं, "म्या हलत न्हाई."