सुरक्षेचं कपाट

इंदिरानगरातल्या किशोरशेठच्या फर्निचर कारखान्यात सुरक्षेला फार वरचं स्थान होतं. नेमकं सांगायचं तर देवघराच्या शेजारी, काचेच्या कपाटात. तिथे चष्मे होते, हातमोजे होते, हेल्मेटं होती आणि कटरच्या पात्यावर बसवायचं लोखंडी झाकणही होतं. एकाही वस्तूवर आजवर ओरखडा उठलेला नव्हता. किल्ली शेठ स्वतःच्या खिशात ठेवत.

कटर मात्र उघड्या पात्याने चाले आणि त्यावर हात असे हरसूलच्या सावळीराम मिस्त्रीचा. या माणसाचा जीव सागवानावर आणि त्याहून जास्त पखवाजावर. गावच्या भजनात तो वाजवायला बसला की पेंगणारी म्हातारीकोतारीही ताठ होत. त्यामुळे बोटांची त्याला भारी काळजी. सकाळी कटरचं बटण दाबण्याआधी आणि संध्याकाळी सुटताना तो दहाही बोटं एकदा हलवून बघे.

धंद्यात मात्र ही दहा बोटं त्याला नडत. गिऱ्हाईक आधी मिस्त्रीच्या हातांकडे बघतं. सगळी बोटं जागच्या जागी दिसली की हा नवशिका असणार म्हणून ते पुढे सरकतं. पुढे चांदवडचा सुनील असे. त्याची अडीच बोटं कटरने नेली होती, तेव्हा त्याच्या अनुभवाबद्दल कुणालाच शंका नव्हती.

एक दिवस सरकारी तपासणी येणार असं कळलं आणि शेठने 'सुरक्षा प्रमुख' नेमायचं ठरवलं. सावळीराम लगेच पुढे झाला. प्रमुख झालो की पहिल्यांदा ते झाकण पात्यावर चढवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. शेठने मुलाखत रीतसर घेतली.

"अपघाताचा अनुभव किती?"

"एकबी नाय, शेठ."

"मग सुरक्षेतलं तुम्हाला काय कळणार, मिस्त्री?"

म्हणणं बिनतोड होतं. प्रमुख सुनील झाला.

सावळीरामने मग त्याच्यामागे झाकणासाठी लकडा लावला. सुनीलने परोपरीने समजावलं. दसऱ्याला हत्यारांबरोबर त्या झाकणाचीही पूजा झाली होती, त्याला झेंडूची माळ घातली होती, आणि नेमक्या त्याच वर्षी कारखान्याला भरभरून ऑर्डरी आल्या होत्या. तेव्हापासून शेठ रोज त्याला उदबत्ती ओवाळत.

"आता त्याच्यावर भुसा उडवायचा का?" सुनील म्हणाला. "पाप हाय ते."

तपासणीच्या दिवशी कपाट उघडलं. सगळ्यांनी सगळं अंगावर चढवलं. माल परत जागेवर जायचा असल्याने चष्म्यांवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. त्यामुळे कुणाला काही दिसेना आणि दिसेना म्हणून कुणी यंत्राला हात लावेना. साहेब सगळीकडे फिरले. काम ठप्प ठेवून अपघात टाळण्याची ही रीत त्यांना इतकी पसंत पडली की त्यांनी बक्षीस म्हणून आणखी दोन खोकी साधनं पाठवून दिली.

ती कपाटात मावेनात. हातमोजे बाहेर राहिले तर कुणीतरी वापरून टाकील, या धास्तीने शेठची झोप उडाली. मोठं कपाट उद्याच्या उद्या हवं होतं. काम सावळीरामवर आलं, कारण फळी बेतून कापावी ती त्यानेच. तो घाईत होता, पातं उघडं होतं आणि झाकण समोरच काचेआड माळ घालून बसलं होतं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं वरचं पेर गेलं.

पट्टी बांधून आल्यावर त्याचा सत्कार झाला. शाल आणि नारळ देऊन शेठ म्हणाले की आता खरे मिस्त्री झालात. सुनीलने जागेवरच त्याला सुरक्षा उपप्रमुख नेमलं. सावळीराम शालीखाली उरलेली बोटं हलवून बघत होता. त्याला रडू येत होतं. शनिवारी गावात भजन होतं आणि पखवाज आता दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर जाणार होता. घरी बायकोने, साळूबाईने, त्याचा हात बराच वेळ मांडीवर धरून ठेवला.

"त्या झाकणाला काय झालं नाय ना?" तिने विचारलं.

त्याला काहीच झालं नव्हतं. ते नव्या कपाटात वरच्या कप्प्यात विराजमान झालं. कपाटही असं देखणं उतरलं होतं, सागवानी, आतून मखमल लावलेलं, की इंदिरानगरभर बोलबाला झाला. लोक आपापल्या हेल्मेटासाठी तसंच कपाट मागू लागले. गाडीच्या आरशाला अडकवलं तर धूळ बसते, डोक्यावर घातलं तर केस विस्कटतात, बिचारं ठेवायचं तरी कुठे? आणि आता सगळे सावळीरामचा हात बघून थेट त्याच्याचकडे येतात.

रांग मोठी आहे, पण तुमचाही नंबर लागेल. माप द्यायला येताना हेल्मेट तेवढं आणा. नेहमीसारखं कोपरात अडकवून आणलंत तरी चालेल.