लष्कर ते लष्कर

मल्हाररावांना आजवर कोणी फसवलेलं नाही!

हे मी म्हणत नाही. ते स्वतः म्हणतात. सकाळी दूधवाल्याला, दुपारी भाजीवाल्याला आणि संध्याकाळी ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात जो सापडेल त्याला.

आणि खोटं नाही बरं का. कलिंगड घेताना लोक कलिंगड वाजवून बघतात, मल्हारराव कलिंगडवाल्याचा चेहरा बघतात. घराला तीन कुलपं, आणि त्या तिन्हींच्या किल्ल्या ज्या डब्यात, त्या डब्याला चौथं!

ही तयारी झाली कुठे? बस स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत! एकतीस वर्षं मल्हारराव त्या खिडकीच्या आत बसले. चौकोनात एक तोंड यायचं, विचारायचं, "साहब, झाँसी की बस कब है?" आणि मल्हारराव मान वर न करता म्हणायचे, "पता नहीं!"

माहीत असायचं हो! पण हा कोण, झाँसीला कशाला चाललाय, त्याच्या मनात काय आहे? खात्री केल्याशिवाय असं कसं सांगायचं?

रिटायर झाले तरी खिडकी अंगात राहिली. एकदा शेजारच्या लीलाताईंनी खिडकीतून डोकावून विचारलं, "भावजी, विजयाबाई आहेत का?" आतून तोफ सुटली, "पता नहीं!" विजयाबाई शेजारीच बसून भेंडी चिरत होत्या.

तर झालं असं, की मल्हाररावांच्या मुलाला, मधुसूदनला, पुण्यात मुलगा झाला. विजयाबाई दोन महिने आधीच सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेल्या. बारसं ठरलं रविवारी संध्याकाळी पाचला. ग्वाल्हेरातून निघायचं होतं दोघांनी: मल्हारराव आणि त्यांची मुलगी लीला. (शेजारच्या त्या लीलाताई, ही नुसती लीला. गोंधळ नको.)

आता लीला म्हणजे बाळाची आत्या. आणि आत्याशिवाय बारसं म्हणजे नवरदेवाशिवाय वरात! बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्याच. ती जे सांगेल ते नाव. मल्हाररावांना नाव हवं होतं कान्होजी. त्यांच्या आजोबांचं. मुलाच्या वेळी सासूबाई मध्ये पडल्या आणि मधुसूदन झाला. तेव्हा हुकलं, आता हुकून चालणार नव्हतं!

पण सुनेच्या माहेरच्यांवर मल्हाररावांचा पक्का संशय. सुनेची आई फोनवर बोलता बोलता दोनदा 'कियान' म्हणाली होती. एकदा खोकत म्हणाली, पण मल्हाररावांनी टिपलं! त्यात विजयाबाईंनी सहज सांगितलं, "लीलाला नाही जमलं तर मधूची शेजारीण आहे ना राजलक्ष्मी, ती राखी बांधते त्याला, ती सांगेल कानात."

"बघ!" मल्हारराव लीलाला म्हणाले, "त्यांनी भाड्याची आत्या उभी करून ठेवली आहे! आपण पोचलो नाही की झाला कान्होजीचा कियान!"

"पोचतो ना बाबा," लीला म्हणाली. "मी एकसफरवर केलंय बुकिंग. घरापासून घरापर्यंत एकच तिकीट!"

एकसफर हे नवीन प्रकरण. पूर्वी कसं, टेम्पोवाल्याशी वेगळं भांडा, रेल्वेच्या लायनीत वेगळं उभं राहा, उतरल्यावर रिक्षावाल्याशी परत पहिल्यापासून भांडा. आता सगळं एकात. मोबाईलवर एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र. तेच ई-रिक्षाला दाखवा, तेच रेल्वेत दाखवा, तेच पुण्याच्या बसला दाखवा. शहरातल्या ई-रिक्षासुद्धा या लोकांनी नव्यानं लावल्या होत्या, ठरलेल्या रूटवर.

मल्हाररावांनी ते चित्र चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, मोबाईल उलटा करून पाहिलं.

"रिक्षा, रेल्वे आणि बस, तिघं एकत्र?"

"हो ना!"

"लीले, बस स्टँडवर एकतीस वर्षांत मी दोन कंडक्टर एकत्र आलेले पाहिले, ते फक्त भाडं खायला. इथे तीन खाती एकत्र आली आहेत! सोच!"

"अरे यार बाबा! तुमच्यासाठी म्हणून मी सगळं मराठीत लावलंय. वाचा आरामात." आणि ती केस धुवायला गेली.

चूक तिची इथेच झाली. मोबाईल ठेवून जायला नको होता.

मल्हाररावांनी वाचलं. वरच्या ओळीत: 'कुठून: लष्कर.' बरोबर. जयेंद्रगंज म्हणजे ग्वाल्हेरातलं लष्करच. खालच्या ओळीत: 'कुठे: लष्कर.'

मल्हारराव खुर्चीतून उठले. बसले. परत उठले.

लष्कर ते लष्कर! सापडला चोर! माणसाला घरून उचलायचं, गोल फिरवायचं आणि घरी आणून सोडायचं, वर तीन टप्प्यांचं तिकीट!

आता तुम्ही म्हणाल, पुण्यात मधुसूदन राहतो त्या कॅम्पला मराठीत लष्करच म्हणतात. तुम्हाला माहीत आहे हो! मल्हारराव पुण्याला कधी गेलेच नव्हते. मुलगा फोनवर 'कॅम्प, कॅम्प' करायचा. आणि त्यांच्या मते जगात लष्कर एकच. बाकीच्यांच्या नुसत्या छावण्या!

मल्हाररावांनी तिथेच दिलेला मदतीचा नंबर लावला. पलीकडे माणूस.

"सर, ओटीपी बताइए."

"पहले तुम बताओ! मैं मिला के देखूँगा."

"सर, वो तो आपके पास आया है..."

"मेरे पास आया है तो तुमको क्यों चाहिए?"

माणूस पाच मिनिटांत थकला आणि त्यानं फोन मशीनकडे दिला. मशीन थकत नाही. ती गोड आवाजात म्हणाली, "यात्रा में संशोधन के लिए नौ दबाएँ."

आता ऑफिसात मल्हाररावांनी जन्मभर 'संशोधन' म्हणजे फेरफार, दुरुस्ती, असंच वाचलं होतं. पण त्या दिवशी अर्धा तास मोबाईल मराठीत वाचून डोकं मराठीत चालू होतं. आणि मराठीत संशोधन म्हणजे खोल शोध! तपास!

"करा!" मल्हारराव ओरडले. "कराच संशोधन!" आणि नऊ दाबला.

"आपका प्रारंभ लश्कर, गंतव्य लश्कर. क्या दोनों एक ही स्थान हैं? हाँ के लिए एक दबाएँ."

मल्हाररावांनी एक असा दाबला, की अंगठ्याचं नख पांढरं पडलं.

टिंग! मेसेज आला. 'संशोधन पूर्ण. तीन चरणों की जगह अब एक चरण. धन्यवाद.'

वा! एका मिनिटात तपास, दोन चोर आत, एकच उरला! मेसेज त्यांनी पुरावा म्हणून आपल्या मोबाईलवर पाठवला आणि लीलाच्या मोबाईलवरून पुसला. कारण पुराव्याची प्रत एकच असावी, आणि ती आपल्याकडे असावी!

शनिवारी सकाळी दारात ई-रिक्षा आली. गाडी साडेदहाची. मल्हाररावांनी लीलाचा मोबाईल मागून घेतला, "चोरांचा भरवसा नाही", आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. पिशवीत बाळासाठी चांदीचे वाळे आणि वाटी. तीन बॅगा. रिक्षावाल्याला त्यांनी ते चित्र दोन बोटांच्या फटीतून दाखवलं, जितकं लागेल तितकंच.

रिक्षा निघाली. आणि स्टेशनचा रस्ता सोडून वळली!

"बाबा, स्टेशन तिकडे!"

"गप," मल्हारराव कुजबुजले. त्यांचे डोळे चमकत होते. "मला माहीत होतं! हाच तो उरलेला चोर. जाऊ दे. किला गेटला पोलीस चौकी आहे. रंगे हाथ पकडवतो!"

"बाबा, गाडी सुटेल!"

"पाऊण तास आहे अजून. लीले, गाडी रोज सुटते. चोर रोज सापडत नाही."

किला गेट आला. मल्हारराव चालत्या रिक्षातून उतरले. बरं, ई-रिक्षा होती म्हणून वाचले, दुसरं काही असतं तर बारशाआधी तेरावं! "हवालदार साहब! पकड़िए इसको! भगा के ले जा रहा है!"

हवालदार चहा पीत होता. त्यानं रिक्षावाल्याकडे पाहिलं.

रिक्षावाला रडकुंडीला. "साहब, मैं तो रूट पे चल रहा हूँ! मुझे तो सुबह से शक था, कि ये बाबूजी तीन अटैची लेकर लश्कर से लश्कर क्यों जा रहे हैं!"

"कहाँ जा रहे हैं आप?" हवालदारानं विचारलं.

"पुणे!"

"टिकट?"

मल्हाररावांनी बंडीतून मोबाईल काढला. हवालदारानं वाचलं. "जयेंद्रगंज, किला गेट, सराफ़ा, जयेंद्रगंज. लश्कर से लश्कर. गोल चक्कर. इसमें पुणे कहाँ है?"

लीलानं मोबाईल हिसकला. बोटानं वर केलं, खाली केलं. तिचा चेहरा पडत पडत हनुवटीपर्यंत आला.

"बाबा... रेल्वे कुठे गेली? इथे लिहिलंय, 'आपके अनुरोध पर संशोधन'. बर्थ गेले आपले! हे कोणी केलं?"

मल्हारराव चष्मा पुसायला लागले.

"बाबा! पुण्याच्या कॅम्पला लष्कर म्हणतात! तेच होतं ते दुसरं लष्कर!"

एकतीस वर्षांत पहिल्यांदा असं झालं, की मल्हाररावांना उत्तर खरोखरच माहीत नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच तोंडातून 'पता नहीं' निघेना.

हवालदाराचं मात्र आता डोकं चालायला लागलं होतं. "थैले में क्या है?"

"चाँदी," मल्हारराव म्हणाले.

"चाँदी! लश्कर से लश्कर, गोल चक्कर, तीन अटैची, और चाँदी! बिल?"

बिल होतं. घरी. चौथ्या कुलपात.

मग काय, हवालदारही रिक्षात बसला आणि सगळे निघाले सराफ्याला. रूटवरच होता! रिक्षावाला तेवढ्यापुरता खूश. सराफानं मल्हाररावांना लांबूनच पाहिलं आणि दुकानाच्या आत सरकला.

"इनको जानते हो?" हवालदारानं विचारलं.

"इनको कैसे भूलूँगा साहब! एक कटोरी चार बार कसौटी पर घिसवाई इन्होंने. फिर बोले, कसौटी की भी जाँच कराओ!"

सुटले. पण घड्याळात अकरा वाजून गेले होते. पुढच्या गाडीचं वेटिंग बघून लीलानं मोबाईल मांडीवर पालथा ठेवला.

रिक्षा जयेंद्रगंजात, बरोबर त्यांच्या दारात येऊन थांबली. मोबाईल बोलला, "बधाई हो! आप अपने गंतव्य लश्कर पहुँच चुके हैं. आपकी अंतिम यात्रा कैसी रही?"

लीलाताई शेजारच्या खिडकीत. "अगोबाई! दीड तासात जाऊन आलात पुण्याला?"

मल्हारराव पहिलं कुलूप उघडायला लागले.

रविवार उजाडला. विजयाबाईंनी फोनवर मल्हाररावांना काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही, लहान मुलं वाचतात. पण लीला जिद्दीची. "आई, राजलक्ष्मीला नको सांगू. व्हिडिओ लाव. मोबाईल बाळाच्या कानाशी धर. मी इथून नाव सांगते!"

पाचला दोघं मोबाईलसमोर. लीला नवी साडी नेसलेली. मल्हारराव तिच्या मागे, संशयानं काठोकाठ भरलेले. "आवाज तिकडनं बंद तर केला नाही ना त्यांनी? ती बाई पाळण्याजवळ काय करते आहे?"

"बाबा, चूप! एकदम चूप!"

पुण्यात पाळणा म्हणून झाला. विजयाबाईंनी मोबाईल बाळाच्या कानाशी नेला. लीला वाकली. श्वास घेतला.

"कान्..."

आणि चित्र थिजलं! विजयाबाईंचा अर्धा कान, पाळण्याची दोरी, बस. लीला ओरडते आहे, "कान्हो! कान्होजी! हॅलो! कान्होजी!" तिकडे काही पोचत नाही. ती उठून गच्चीच्या दाराशी धावली, नेट नीट येतं का बघायला. मोबाईल मल्हाररावांच्या हातात.

एकदम चित्र सुरू झालं. आवाज सुरू झाला. आणि त्या उजळलेल्या चौकोनात एक तोंड आलं. सुनेची आई! बाळाच्या अगदी वर वाकून तिनं विचारलं, "ऐकू आलं नाही हो, काय ठेवलं नाव?"

चौकोन. चौकोनात तोंड. तोंडात प्रश्न.

एकतीस वर्षांची सवय!

"पता नहीं!!"

खणखणीत. सरळ बाळाच्या कानात.

"कुर्र्र्र!" पुण्यातल्या सगळ्या बायका एकदम.

पुढे जे झालं त्यात विजयाबाईंचं एकच वाक्य नीट ऐकू आलं. आत्यानं नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालायची पद्धत असते ना? विजयाबाई म्हणाल्या, "लीले, आज तुझी पाठ राहू दे. तिथे जी दुसरी पाठ आहे, तिच्यात घाल! माझ्या वाटचे दोन जास्त!" लीलानं आईचा शब्द मोडला नाही.

तर दाखल्यावर नाव कान्होजीच लागलं. मल्हारराव तेवढ्यावर खूश होते. पोरगा आता दोन वर्षांचा आहे, मागच्या महिन्यात ग्वाल्हेरला आला होता. जयेंद्रगंजात कोणीही गाल ओढून विचारावं, "बाळा, नाव काय तुझं?" आणि पोरानं मान वर न करता सांगावं, "पता नहीं!"

मल्हाररावांचं म्हणणं एवढंच, की हे त्याला सुनेच्या माहेरच्यांनी शिकवलेलं आहे.