धोंड्याचं ताट

अधिक महिन्यात नव्या जावयाला जेवायला बोलवायचं तर ताटात पुरणाचे धोंडे हवेत, एवढीच रीत. सासरे बद्रीनाथांनी तिला आपलं एक कलम जोडलं.

"ह्या ताटात परदेशी एक कण नाय, जावईबापू. तमाम आपल्या मातीतलं. कुणी दाखवून द्यावं, मी सोताच्या हातानं ताटातनं उचलून ठेवीन!"

हे ते शेजारच्या काकासाहेबांसमोर बोलले, त्यामुळे शब्द मागं घेण्याची सोय राहिली नाही. आणि जावई ऋतुराज पुण्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा, त्यामुळे त्याला गप्प बसणं जमेना.

"मामा, ठेच्यातली मिरची पोर्तुगीजांनी आणली," तो अगदी अदबीनं म्हणाला.

"काय सांगता? माझ्या चितेगावच्या रानातली हाय ती!"

"रान तुमचंच. मिरची मूळची अमेरिकेतली."

काकासाहेब पानावरून मान वर करून मजेत बघू लागले. बद्रीनाथांनी ठेचा उचलला. मग शेंगदाण्याची चटणी गेली, बटाट्याची भाजी गेली, टोमॅटोची कोशिंबीर गेली. प्रत्येक वाटी आत नेताना त्यांची मान ताठ होती. ज्वारी आफ्रिकेची निघाली तेव्हा मात्र आवाज चिरकला.

"भाकरीबी?"

"फार प्राचीन काळी आली हो, मामा," ऋतुराजनं धीर दिला.

"अहो, पुरे आता," सोनियानं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. पण विषय निघाल्यावर प्राध्यापक थांबतो होय? "गव्हाचंही तसंच आहे. तोसुद्धा बाहेरूनच..."

ताटात आता फक्त धोंडे उरले होते आणि ते गव्हाचे होते. बद्रीनाथांचा हात पुढं गेला आणि तिथंच अडला. अधिकात जावयाच्या ताटातला धोंडा काढायचा? सोयऱ्याधायऱ्यांत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आणि न काढावा, तर काकासाहेबांनी उद्या गल्लीभर केलं असतं.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. पहाटेपासून रांधलेलं सगळं ओट्यावर परत आलेलं त्यांनी पाहिलं होतं.

"बाहेरनं आलेलं उचलायचं व्हय? मग आधी मी उठते. मी अजिंठ्याहून आले. जावईबापू पुण्याहून आले, त्यांनाबी पाटावरनं उठवू?"

त्या आत वळल्या आणि ठेच्याची वाटी घेऊनच परतल्या.

"आलं कुठनं ते काय इचारता? नांदलं कुठं ते बघा. आलेल्याला घरचं करायला हात लागतो. ह्या घरात तो हात माझा हाय!"

आणि त्यांनी ती वाटी ताटात ठणकन ठेवली. पाठोपाठ भाकरी आली.

बद्रीनाथांची छाती अशी फुगली की जणू हे सगळं तेच बोलले होते. "ऐकलं का, काकासाहेब? मिरची कुणीबी आणू द्या. ठेचा आमच्या हिचा!"

ऋतुराजनं भाकरीच्या तुकड्यावर चांगला बोटभर ठेचा घेतला. कान लाल झाले, डोळ्यांना धारा लागल्या.

"काय जावईबापू, तुमच्या पोर्तुगीजांना जमला असता का असा?"

प्राध्यापकांना बोलता येईना. त्यांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली आणि हातानंच खूण करून आणखी एक भाकरी मागितली.