तात्यांचं ओलं फडकं

“कसं काय, तात्या?” असं विचारलं की आमचे तात्या म्हणायचे, “ऐंशी!”

म्हणजे त्या दिवशी हवेत ओल ऐंशी टक्के. भाटघर धरणावर हवेच्या नोंदी तेच घ्यायचे. मी तिथला कारकून. काठावर झडपांची पांढरी पेटी, आत दोन तापमापक, एकाच्या टोकाला ओलं फडकं. हवा कोरडी असली की फडक्यातलं पाणी भराभर उडतं, त्याचा पारा उतरतो; दोन पाऱ्यांतल्या फरकावरून ओल काढायची. त्या पेटीसमोर तात्या चपला काढायचे. भोरला लग्नात त्यांनी पानातलं मीठ चिमटीत चोळलं आणि ओरडले, “ऐंशी! पापड पंगत बसल्यावर तळा!” वरमाय अशी भडकली म्हणता!

सत्तर सालानंतर कधीतरी पुण्याहून एक साहेब लेसर घेऊन आले. जलाशयावर दोन किरण सोडायचे. हवेतली वाफ एक किरण गिळते, दुसरा सोडून देते. परत आलेल्या उजेडातल्या फरकावरून ओल कळते.

“हात न लावता? नाडी न धरताच ताप सांगायचा व्हय!” तात्या बिथरलेच.

लेसर म्हणे पासष्ट, तात्या म्हणे ऐंशी. तीन दिवस हेच. तात्या मिशीत हसत होते. चौथ्या दिवशी साहेबांनी पेटी उघडली. फडकं कळकट, कडक झालेलं.

“हे आठवड्याला बदलायचं असतं, तात्या. मळक्या फडक्यातून पाणी उडत नाही, म्हणून तुमची हवा सदा ओली. अशानं तुमच्या सगळ्याच नोंदी रद्द होतील.”

सगळ्या म्हणजे तात्यांचा जन्म गेला होता त्यात. मला भलतंच वाईट वाटलं. तात्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक निळा तुकडा काढला.

“एकदा सरकारी मलमल आलीच न्हाई, तवा आमच्या हिनं जुनं लुगडं फाडलं. मऊ हाय म्हनली. मंग दर आठवड्याला त्यातलंच तळहाताएवढं कापत आलो. ती गेली, तरी लुगडं व्हतं. आता रुमालाएवढंच ऱ्हायलंय, सायब. म्हून औंदा बदललं न्हाई; दुसरं बांधवंना.”

साहेबांनी नोंदवही चाळली. मग म्हणाले, “यंदाच्या तेवढ्या खोडू. आधीच्या राहू द्या.”

तात्यांनी कपाटातली कोरी मलमल आणून स्वतःच्या हातानं बांधली. पारा सरसर उतरला. ओल पासष्ट. लेसरही पासष्ट. साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

घरी निघताना मी सवयीनं विचारलं, “कसं काय, तात्या?”

ते खिशावर हात ठेवून थांबले.

“करमत न्हाई, भाऊसाहेब.”