सायंकाळी साडेसहा : अमेरिका

माझ्या स्वीडनच्या दौऱ्याचं वाटोळं माझ्या खरेपणाने केलं. दोष द्यायचाच तर माझ्या मेहुण्याला देईन, अमेरिकेला देईन, अमेरिकेच्या चार-पाच अध्यक्षांनाही ओळीने उभं करीन. पण कागदावर खरं लिहिलं ते मीच.

मी जर्मनीत नेकारसुल्मला गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो. दर जानेवारीत आमची टीम स्वीडनच्या उत्तरेला गोठलेल्या तळ्यावर गाड्या पळवायला जाते. अकरा वर्षं मी इथे बसून त्यांनी पाठवलेले आकडे तपासतोय. या वर्षी पहिल्यांदा यादीत माझं नाव आलं. (ऊर्मिलाने, म्हणजे बायकोने, लोकरीचे मोजे विणायला घेतले. डावा झालासुद्धा होता.) मग कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी माझा रक्तदाब घेतला, ओठ आवळले आणि बजावलं, हृदयतज्ज्ञाचं पत्र आणल्याशिवाय टेस्टच्या गाडीत बसायचं नाही.

जर्मनीत हृदयतज्ज्ञाची टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळेपर्यंत हृदयानेच धीर धरायचा असतो. माझ्याने चार महिने धरला. डिसेंबरात क्लिनिकमधल्या बाईने माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि कमरेला चोवीस तासांसाठी रक्तदाबाचं यंत्र अडकवलं. दिवसा दर पंधरा मिनिटांनी पट्टा फुगणार. फुगला की हात सैल सोडायचा आणि तोंड मिटायचं. सोबत एक तक्ता दिला, कोणत्या वेळी काय करत होतो ते लिहायला. नेहमीसारखं वागा आणि खरं लिहा, एवढंच ती म्हणाली. गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हटलं.

दिवसभर मी गाईसारखा वागलो. दोन मीटिंगा झाल्या, मॅनेजरने माझी चूक नसताना मला झापलं, तरी मी शांत. संध्याकाळी जेवायला बसलो आणि हृषिकेशचा व्हिडिओ कॉल आला.

हृषिकेश हा ऊर्मिलाचा धाकटा भाऊ. ओहायोत असतो, आता तिथला नागरिक आहे. सरकारने माणसाच्या औषधपाण्यात लक्ष घालणं म्हणजे शेजाऱ्याने आपल्या कपाटात डोकावणं, असं त्याचं मत आहे. त्या दिवशी त्याच्या उजव्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं होतं आणि कडेने आंबेहळद डोकावत होती. शिडीवरून पडलो, म्हणाला, दहा दिवस झाले. डॉक्टरकडे का गेला नाहीस, यावर तो ओहायोच्या थंडीविषयी बोलू लागला. ऊर्मिलाने पोळी ताटात ठेवली आणि शांतपणे विचारलं, "मंगळवारी दुपारी बारा वाजता तू बनियनवर घरी कसा रे?"

नोकरी जाऊन सहा आठवडे झाले होते. नोकरीबरोबर विमाही गेला होता.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, फार राग आला. नोकरी कोणाचीही जाते. पण नोकरीबरोबर माणसाचं मनगटही जावं, ही कुठली रीत? इथे बेकाराचंही हाड सांधतात. विम्याची सोय बिस्मार्कच्या काळापासून आहे, आणि बिस्मार्क काही मायाळू म्हणून प्रसिद्ध नव्हता. मी म्हटलं, अरे, ओबामाकेअरमधून विमा घे, नोकरी गेल्यावर साठ दिवसांत घेता येतो.

"भाऊजी, त्या कायद्याच्या विरोधात मी तीनदा मत दिलंय," तो म्हणाला. "आता त्यातूनच घेऊ? काही तत्त्व आहे की नाही?"

"तुझं मनगट कोणत्या पक्षाचं आहे?" मी विचारलं.

यावर तो म्हणाला, अध्यक्षांच्या हातात असतं काय, कायदा काँग्रेस करते. मी अध्यक्ष जॉन्सनपासून सुरुवात करणार होतो. पासष्ट साली त्याने खासदारांच्या मानगुटीवर बसून म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याचं मेडिकेअर करून घेतलं नसतं तर तुझ्या शेजारची म्हातारी आज कुठे असती? पण 'जॉन्सन' म्हणायला तोंड उघडलं आणि पट्टा फुगला. मी हात सैल सोडून, तोंड मिटून बसलो.

"पटलं ना?" हृषिकेश म्हणाला.

पट्टा उतरल्यावर मी सव्याज परतफेड केली. एक अध्यक्ष सही करून कायदा आणतो, दुसरा आल्या दिवशी सही करून तोच ढिला करतो, पुढे तो सिनेटमध्ये एका मताने वाचतो, आणि तुम्ही म्हणता अध्यक्षाचा काय संबंध! पण अर्ध्या तासात त्या लबाडाला फुगण्याआधीची यंत्राची टिकटिक ओळखू यायला लागली. तो आपला हुकमी मुद्दा पट्टा फुगेपर्यंत राखून ठेवू लागला. आयुष्यात मी इतका मुकाट्याने कधी हरलो नव्हतो.

तक्ता मात्र मी इमानदारीने भरला. सव्वासहा, जेवण. साडेसहा, अमेरिकेतील आरोग्य सुधारणा. पावणेसात, तेच. सात, मेहुणा. सव्वासात, मेहुणा, उभ्याने.

शेवटी ऊर्मिलाने फोन हिसकावला आणि स्वयंपाकघरात नेला. चार वाक्यं बोलली असेल. "हात आत्ता जाऊन दाखव. आल्यावर फॉर्म भर. नाहीतर आईला कळवते. ठेव फोन." तो गेला. मनगटाला बारीक तडा होता, प्लॅस्टर घातलं. फॉर्मही त्याच दिवशी भरला. (जॉन्सनपेक्षा सासूबाईंचं वजन जास्त, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर पाऊण तास वाचला असता.)

दुसऱ्या दिवशी हृदयतज्ज्ञ बाईंनी आलेख पाहिला, तक्ता पाहिला, चष्मा काढून पुसला.

"श्रीयुत देवस्थळी, तुम्ही अमेरिकन आहात?"

"नाही."

"तिथे राहायला जाणार आहात?"

"नाही."

"तिथे मतदान?"

"मी इथेही करू शकत नाही," मी म्हटलं.

बाकीचे तेवीस तास माझा रक्तदाब उत्तम होता. त्या एका तासात मात्र एकशे पंचाण्णवपर्यंत गेला होता. मी त्यांना बिस्मार्कपासून समजावू लागलो तेव्हा त्यांनी मनगट धरून माझी नाडी पाहिली. दुसऱ्या देशाच्या कायद्याने ज्याची ही अवस्था होते त्याला बर्फावर गाडी चालवायला देणार नाही, असं त्या सरळ म्हणाल्या. चाचणी पुन्हा करू. पुढची टर्मिन चौदा मार्चला. तोवर तळं वितळायला लागलेलं असतं.

जानेवारीत मी ऑफिसात बसून स्वीडनहून येणारे आकडे तपासत होतो, तेव्हा फॅमिली ग्रुपवर हृषिकेशचा फोटो आला. नव्या विम्यात तब्येतीची तपासणी फुकट होती, म्हणून तत्त्व घरी ठेवून तो करून आला होता. रक्तदाब एकशे अठरा, शहात्तर. खाली लिहिलं होतं, "भाऊजी, अध्यक्ष कोणीही असो, माणसाने शांत राहावं."

त्याला पहिला अंगठा सासूबाईंचा होता. दुसरा ऊर्मिलाचा.