शिंग आणि सासूबाईंचं पातेलं

मी मुळात भित्रा माणूस आहे. (विमा कंपनीत कारकून आहे, म्हणजे ते ओघानंच आलं.) तरी मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "शिंग मी उकळून आणतो."

शाळा आमच्या ज्यू समाजाची, धार्मिक. यंदा रब्बींनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, ठरवलं होतं की मुलांनी वारसा नुसता पाठ करायचा नाही, हातांनी शिकायचा. पहिला धडा शोफारचा. शोफार म्हणजे सणाला फुंकतात ते मेंढ्याचं शिंग. खाटकाकडून कच्चं शिंग आणायचं, उकळून आतलं हाड काढायचं. पुढचं कापणं, भोक पाडणं, घासणं मुलं वर्गात करणार.

"नुसतं उकळायचं तर आहे," मी घरी सांगितलं. "बटाटे उकळतोच की आपण."

"आपण?" बायको म्हणाली.

रब्बींनी सूचना दिली होती, जुन्या भांड्यात उकळा. "बाहेर, उघड्यावर" असंही काहीतरी म्हणाले असावेत. मी तेव्हा इतर पालकांच्या चेहऱ्यावरचं कौतुक बघत होतो.

रविवारी बायको आणि मुलगी मावशीकडे गेल्या. मी घरातलं सगळ्यांत जुनं भांडं शोधून काढलं. वरच्या फळीवर, मऊ फडक्यात गुंडाळलेलं, सासूबाईंचं तांब्याचं पातेलं. फडक्याचा अर्थ एखाद्या शहाण्या माणसाच्या लक्षात आला असता.

थोड्या वेळानं वास सुटला. भिजलेल्या मेंढीनं स्वतःचे केस जाळून घेतले तर येईल, तसा. वरच्या मजल्यावरच्या बाई नाकाला पदर लावून दारात आल्या.

"तुमच्याकडे काही जळतंय का?"

"नाही, उकळतंय."

"काय?"

"वारसा," मी म्हणालो.

त्या पदर आणखी घट्ट दाबून परत गेल्या. खालच्या काकांनी मात्र गटार तुंबलं समजून प्लंबरला बोलावलं होतं. त्यानं आमची मोरी तपासली, मग नाकाच्या मागे मागे स्वयंपाकघरात आला, झाकण उचललं, आत पाहिलं आणि हळूच परत ठेवलं. "साहेब," तो म्हणाला, "हे आमच्या लाइनीतलं नाही."

तो जिना उतरत असतानाच या दोघी चढत होत्या.

"शिंग ना?" बायकोनं विचारलं. "कशात उकळताय?"

मी बाजूला सरकलो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली आणि एवढंच म्हणाली, "आईचं."

आमची जेवणाची भांडी कोशर, म्हणजे धर्माच्या नियमाप्रमाणे शुद्ध लागतात. हे शिंग कुठल्या मेंढ्याचं, तो कसा कापलेला, कुणास ठाऊक. पातेलं बाटलं होतं.

"बाबा, हे आम्हाला बालवाडीत शिकवलंय," मुलगी म्हणाली.

मी रब्बींना फोन लावून सगळं सांगितलं. त्यांनी आधी एकच विचारलं.

"हाड निघालं का?"

"निघालं."

"मग शिंगाचं काम झालं. पातेलं घासून ठेवा, उद्या त्यात काही शिजवू नका. परवा वर्ग तुमच्याकडेच भरेल."

आणि तिसऱ्या दिवशी अख्खा वर्ग आमच्या स्वयंपाकघरात मावला. मुलांनी पातेलं पुन्हा राखेनं घासलं, काठोकाठ पाणी भरलं, शेगडीवर चढवलं. पाणी खळखळल्यावर रब्बींनी तापून लाल झालेला दगड चिमट्यानं आत सोडला. चर्र झालं आणि पाणी चहूबाजूंनी काठावरून उतू गेलं. मुलं आधी मागे सरली, मग दुप्पट पुढे आली.

"शिंगाचं पाणी जिथवर पोचलं होतं, तिथवर उकळतं पाणी पोचलं की पातेलं पुन्हा कोशर," रब्बी म्हणाले.

पातेलं गार पाण्यानं विसळून झालं, तशी एका मुलीनं त्याच्या पोटावरच्या पोच्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

"तुझ्याएवढी असताना मी पाडलं होतं," बायको म्हणाली.

"आई रागावली?"

"नाही. म्हणाली, बरं झालं, आता हे तुझं म्हणून ओळखू येईल."

इतकी वर्षं मी त्या पातेल्यातलं सूप पीत आलो. तो पोचा कसला, हे मी कधी विचारलं नव्हतं. पातेलं मुलांच्या हातांतून फिरत होतं, प्रत्येक जण पोचा चाचपत होता, आणि बायको शांतपणे पाहत होती. मला वाटलं, चला, सुटलो.

तेवढ्यात त्याच मुलीनं विचारलं, "रब्बी, सगळ्याच गोष्टी अशा शुद्ध होतात?"

"तांबं होतं, लोखंड होतं. मातीचं भांडं होत नाही. त्यात एकदा मुरलं की मुरलं, त्याला इलाज नाही."

"आणि काका?"

रब्बींनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, मग वर्गाकडे वळले. "देवानं माणूस कशाचा घडवला?"

"मातीचा," अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

पातेलं पुसता पुसता बायको हळूच म्हणाली, "आमेन."